पहिल्या नंबरची हद्द

चावीताईंना त्यांचं खरं नाव कुणी विचारलं तर त्या स्वतःसुद्धा क्षणभर अडखळतील, इतकं ते वापरातून गेलंय. घरं विकून देणाऱ्या एका छोट्या ऑफिसात त्या कामाला होत्या. मालकांनी खुर्चीत बसून फोनवर बोलायचं आणि ताईंनी पायपीट करायची, अशी कामाची सरळ वाटणी होती. रिकाम्या घरांच्या चाव्यांचा जुडगा कायम त्यांच्या पर्समध्ये खुळखुळत असायचा, त्यामुळे त्या जिना चढायला लागल्या की वरच्या मजल्यापर्यंत वर्दी जायची.

घर दाखवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. गिऱ्हाईक यायच्या आधी त्या तिथे हजर. खिडक्या सताड उघडायच्या, नळ सोडून ठेवून तांबूस पाणी वाहून जाऊ द्यायचं, अंधाऱ्या खोलीत स्वतःच्या पर्समधला बल्ब लावायचा आणि जाताना आठवणीने काढून घ्यायचा. पण त्यांची खरी हुशारी पुढेच होती. घराचा दोष त्या स्वतःहून सांगायच्या. "ही भिंत ओल धरते, आधीच सांगते," असं म्हणून भिंतीवर हात ठेवायच्या. समोरचा माणूस विरघळायचा. एवढं खरं बोलणारी बाई बाकीचं खोटं कशाला बोलेल, असं त्याच्या मनात यायचं, आणि तिथेच अर्धं घर विकलं जायचं.

उरलेलं अर्धं खिडकी विकायची. सगळ्या खोल्या दाखवून झाल्या की ताई शेवटी लोकांना एका ठराविक खिडकीपाशी न्यायच्या, बोट करायच्या आणि म्हणायच्या, "ती बघा शाळा. पहिल्या नंबरची." मग गप्प उभ्या राहायच्या. पुढचं काम ती लाल कौलांची इमारत करायची.

शिक्षण खातं दरवर्षी शहरातल्या शाळांची क्रमवारी जाहीर करायचं. परीक्षेचे निकाल, मुलांची हजेरी आणि पालकांचं समाधान अशा तीन गोष्टींना गुण देऊन यादी व्हायची. शिवाय मुलाचा पत्ता ज्या शाळेच्या हद्दीत असेल, त्याच शाळेत त्याने जायचं, असा नियम. ही हद्द एका रस्त्याच्या मधोमध जायची. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या घरांच्या विटा त्याच, पाणी तेच, डासही तेच, पण अलीकडचं घर हातोहात जायचं आणि पलीकडचं धूळ खात पडायचं. पडद्याच्या रंगावरून ताईंसमोरच जुंपलेली जोडपी या एका आकड्यावर झटकन एक व्हायची. आता यादी अगदीच बिनकामाची होती असं नाही. तळाच्या काही शाळांत गणिताला शिक्षकच नव्हता, हे ताईंना ठाऊक होतं. कुठे जाऊ नये हे त्या यादीवरून बरंचसं कळायचं. कुठे जावं हेही तीच सांगते, असं मात्र लोक गृहीत धरून चालायचे, आणि त्यांना तसं गृहीत धरू देणं हा ताईंच्या नोकरीचा भाग होता.

अशात एका दुपारी एक गिऱ्हाईक आलंच नाही. ताई हद्दीतल्या एका छोट्याशा फ्लॅटमध्ये खिडक्या उघडून, नळ सोडून, बल्ब लावून वाट बघत उभ्या होत्या. कंटाळा आला म्हणून म्हणा, सवय म्हणून म्हणा, त्यांनी आपलं नेहमीचं बोलणं रिकाम्या खोलीला म्हणून दाखवलं. ओल आधी सांगितली, स्वयंपाकघराची तारीफ केली, खिडकीशी जाऊन "ती बघा शाळा" म्हणाल्या आणि सवयीने गप्प राहिल्या. त्या शांततेत त्यांना स्वतःची लेक आठवली. सगळे लोक आपल्याकडून या शाळेची वाट घेतात आणि आपली चिमी मात्र यादीत बोट दुखेपर्यंत खाली गेल्यावर सापडणाऱ्या शाळेत जाते, ही गोष्ट त्यांना एकदम झोंबली. गिऱ्हाईक काही आलं नाही, पण ताईंना घर पटलं.

संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला सांगितलं. नवरा एका दवाखान्यासाठी कवळ्या बनवायचा. दिवसभर लोकांच्या तोंडांचे साचे हाताळणारा हा माणूस स्वतःचं तोंड फारसं उघडत नसे. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुला ती जागा विकायची होती ना?" ताई त्यावर तासभर बोलल्या. मुलीच्या भल्याचा विषय निघाला की माणूस काही म्हणूच शकत नाही, तसा तोही काही म्हणाला नाही. लांबलचक गॅलरीचं जुनं घर गेलं आणि तिघं पहिल्या नंबरच्या हद्दीत राहायला आली.

नवं घर किती लहान होतं ते एका गोष्टीवरून कळेल. कपाट आणि घराचं दार एका वेळी उघडायचं नाही. कुणी बेल वाजवली आणि ताई साडी शोधत असल्या, की बाहेरच्याने कपाट बंद होईपर्यंत ताटकळायचं. नवरा झोपला की त्याचे पाय टेबलाखाली जायचे. त्याचं काम आता शहराच्या दुसऱ्या टोकाला राहिलं होतं. दोन बस बदलून तो घरी यायचा तेव्हा बोलण्याची उरलीसुरली इच्छाही वाटेत सांडलेली असायची. पण शाळेसाठी एवढं करायलाच हवं, असं इमारतीतली सगळीच माणसं एकमेकांना सांगायची. तिथे राहणारा प्रत्येक जण शाळेसाठीच आलेला होता. वरच्या मजल्यावरचे निवृत्त मॅनेजर इमारतीचे अध्यक्ष होते. त्यांचा नातू कधीच शिकून बाहेर पडला होता, तरी शाळेच्या नंबरावर त्यांचा जीव होता, कारण त्यांच्या घराची किंमत त्या नंबरावर उभी होती.

शाळेत दर आठवड्याला एक चाचणी व्हायची आणि गुणांप्रमाणे मुलांचे बाक बदलायचे. हुशार पुढे, बाकीचे क्रमाने मागे. शहरात शाळांची रांग लागायची तशी वर्गात मुलांची. जिन्यात भेटलेली माणसं मुलांना त्यांचं नाव विचारत नसत, "या आठवड्यात कितवा बाक?" एवढंच विचारायची. मॅनेजरकाकांना तर सगळ्या इमारतीचे बाक तोंडपाठ होते.

चिमी सुरुवातीला मधल्या बाकावर होती. मग एकेक करत मागे सरकत शेवटच्या बाकावर गेली. पोरगी मठ्ठ होती म्हणाल तर मुळीच नाही. तिने लिहिलेली उत्तरं सगळी बरोबर असायची, पण ती पूर्ण लिहून व्हायच्या आत वेळ संपायचा. एकेक अक्षर ती चित्र काढावं तसं काढायची. वेलांटी मनासारखी वळली नाही तर खोडून परत काढायची. जुन्या शाळेत तिच्या वह्या इतर वर्गांत दाखवायला न्यायचे. इथे त्याच अक्षराने तिचा घात केला. मागच्या बाकांवरच्या मुलांना खेळाच्या आणि चित्रकलेच्या तासाला सरावखोलीत नेत. जुन्या प्रयोगशाळेची ती खोली, झडपा कायम लावलेल्या. टेबलावर घड्याळ ठेवायचं आणि मुलांनी भरभर लिहायचा सराव करायचा. चाचणीच्या गुणांप्रमाणे काही मुलं आत जायची, काही बाहेर यायची, एवढाच काय तो बदल.

चिमी घरी आल्यावर बोलेनाशी झाली. आधीची चिमी म्हणजे कशी, तर शाळेपासून घरापर्यंत तिची एकच गोष्ट चालायची आणि ती संपायच्या आत घर आलं म्हणून रुसायची. आता ताईंनी विचारलं, "आज काय केलं?" तर उत्तर यायचं, "सराव." ताईंना वाटलं, वाढतं वय आहे, होईल सवय. मग एकदा मुलीच्या डोळ्यांकडे त्यांचं लक्ष गेलं. काहीतरी वेगळं दिसत होतं पण काय ते कळेना. दोन दिवसांनी कळलं. पापण्यांना केसच उरले नव्हते. ताईंनी घाबरून तिची वही उघडली, तर समासाच्या रेघेवर पापण्यांचे बारीक केस एकाखाली एक लावून ठेवलेले होते. लिहिताना हात अडला की पोरगी एक केस उपटायची. टापटिपीची पोर, तेही नीट रांगेत ठेवायची. डॉक्टर म्हणाले, औषध देऊन उपयोग नाही, मन कशात अडकलंय ते बघा.

ते बघायला ताई शाळेत गेल्या. चांगलं कडाडून भांडायचं असं ठरवून गेल्या होत्या. पण वर्गशिक्षिका निघाली पंचविशीतली, डोळ्यांखाली काळी वर्तुळं आलेली एक पोर. तिने ताईंचं सगळं ऐकलं आणि उठून दार लावलं.

"चिमीला मी ओळखते," ती म्हणाली. "माझ्या वर्गात तिच्याइतकं समजून लिहिणारं कुणी नाही."

"मग तिला थोडा वेळ जास्त द्या ना."

"शिक्षकांचेही बाक असतात ताई इथे. वर्गाचा आकडा घसरला की आम्हाला खाली ढकलतात. मागच्या वर्षी मी दोन मुलांना वेळ वाढवून दिला होता." एवढं बोलून ती थांबली. त्याचं पुढे काय झालं हे तिच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. ताई भांडण घेऊन गेल्या होत्या ते तसंच घेऊन परत आल्या.

मुलीला दुसऱ्या शाळेत घालावं म्हटलं, तर हद्द आडवी. ताई जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांकडेही जाऊन आल्या. ते साधे गृहस्थ. चिमीच्या वह्या त्यांना आठवत होत्या. ते म्हणाले, "बाक रिकामा आहे, बाईही तिला ओळखतात. तुम्ही फक्त पत्ता इकडचा आणा." पत्ता इकडचा आणायचा म्हणजे घर इकडे हवं, आणि इथलं विकल्याशिवाय तिकडे घेता येत नव्हतं. दोन घरांचं ओझं पेलण्यासारखी त्यांची परिस्थिती नव्हती. तेव्हा घर विकायचं ठरलं. नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "जमेल तितकं लवकर." मग आत जाऊन झोपलेल्या लेकीच्या कपाळावर हात ठेवून बराच वेळ बसला.

आता बघा काय मजा झाली. चिमीला त्या शाळेतून सोडवायचं तर घर विकायला हवं. घर विकायचं तर शाळा चांगली आहे असं लोकांना वाटायला हवं. म्हणजे ज्या आकड्याने पोरीचे हाल केले, त्याच आकड्याचे ताईंनी गोडवे गायचे. दुसरं काय विकणार होत्या त्या? कपाट उघडलं की दार अडतं, ते?

मालकांनी त्यांना बजावलं की कारण बाहेर फुटता कामा नये. नवऱ्याचं काम लांब पडतं, एवढंच सांगायचं. ते खोटंही नव्हतं. शिवाय यंदा नवी यादी लवकर येणार आणि नदीपलीकडची एक शाळा वर चढणार, अशी कुजबुज होती. यादी यायच्या आत उरकायला हवं होतं.

त्याच सुमाराला पालकांच्या समाधानाचे फॉर्म आले. मॅनेजरकाका घरोघरी फिरून ते जातीने भरून घेत. कुणाचा हात एखाद्या रकान्यात घुटमळला तर काका खाकरायचे. ताईंच्या दारात ते उभे राहिले तेव्हा ताईंनी कपाट लावलं, दार उघडलं आणि तिथेच टेबलावर फॉर्म भरायला घेतला. एक प्रश्न होता, तुमचं मूल शाळेत आनंदाने जातं का? त्यापुढे नेहमी, बहुधा, कधी कधी, कधीच नाही असे चार चौकोन. चिमी टेबलाच्या पलीकडे दप्तर भरत होती. ताईंना वाटलं, हातातलं पेन काकांच्या अंगावर फेकावं. पण गुण कमी झाले तर नंबर जाईल, नंबर गेला तर घर अडकेल, घर अडकलं तर ही पोर अडकेल. त्यांनी "नेहमी"वर खूण केली. मान वर केली तेव्हा चिमी त्या चौकोनाकडेच बघत होती. काका "छान, छान" म्हणत पुढच्या दारी गेले.

घर बघायला लोक येऊ लागले. दुसऱ्यांची घरं दाखवताना ताईंची जीभ लोण्यासारखी चालायची, स्वतःच्या घरात ती टाळ्याला चिकटायची. तरी त्यांनी पद्धत सोडली नाही. कपाटाचा दोष आधी दाखवायच्या. तो बघूनच बहुतेक लोक हसून, पाणी पिऊन निघून जायचे. आठवडे गेले. चिमीच्या भुवयाही विरळ दिसायला लागल्या. ताईंना रात्रंदिवस एकच घोर लागला. आपण अख्ख्या शहराला या हद्दीत घरं मिळवून दिली आणि स्वतःच्या पोरीला इथून बाहेर काढता येत नाही, असं म्हणून त्या एकदा नवऱ्यापुढे ढसाढसा रडल्या.

मग एका रविवारी सकाळी एक नर्स, तिचा सुतार नवरा आणि त्यांची मुलगी अशी तिघं आली. मुलगी चिमीपेक्षा एका वर्गाने मागे. ताईंनी कपाट उघडून दाखवलं. सुतार हसला आणि म्हणाला, "त्यात काय, सरकतं दार लावू." ताईंना त्याच्या पायाच पडावंसं वाटलं. त्याने खिशातून टेप काढला आणि भिंती मोजायला सुरुवात केली. आकडे लिहायचं काम मुलीकडे होतं. तिला लिहायची फार हौस असावी. आतल्या खोलीत चिमी अभ्यासाला बसली होती, तिचं दार लोटलेलं होतं. बाहेरच्या खोलीत ताई भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि त्यांचं लक्ष नकळत त्या मुलीच्या हाताकडे गेलं.

मुलगी जिभेचं टोक बाहेर काढून लिहीत होती. आठाचं वळण तिला पसंत पडलं नाही. तिने ते खोडलं, कागदावरची धूळ फुंकली आणि पुन्हा सावकाश काढलं. बाप टेप ताणून तसाच वाकून उभा.

"झालं का गं?"

"थांबा ना बाबा. नीट नको का यायला?"

"ही अशीच आहे," नर्स कौतुकाने म्हणाली. "एक आकडा लिहील तोवर चहा उकळतो." ताई हसल्या नाहीत. देवाने एवढी मोठी दुनिया बनवली आणि नेमकी हीच पोर आपल्या दारात पाठवली, असं त्यांना झालं.

मोजमाप आटोपलं. नर्स खिडकीशी जाऊन उभी राहिली. "ती बघा शाळा" हे शब्द ताईंच्या तोंडून आले नाहीत, तिला शाळा आपली आपण दिसली. मग ती वळली. बाई फरशीबद्दल, नळाबद्दल काही विचारणारी नव्हती. रोज आजारी माणसांचे चेहरे वाचणाऱ्या बाईसारखी तिने ताईंकडे रोखून बघितलं.

"नंबर आम्ही वाचलाय," ती म्हणाली. "तुमची मुलगी तिथेच जाते ना? तुम्ही सांगा, कशी आहे शाळा?"

"चांगली आहे," ताई म्हणाल्या. मग त्यांना राहवलं नाही. "कडक आहे जरा."

"कडक म्हणजे?"

ताईंनी तोंड उघडलं. सगळं सांगून टाकावं, बाक, सरावखोली, पापण्या, सगळं या बाईच्या पदरात टाकावं आणि मोकळं व्हावं, असा कढ त्यांना आला. ओल आधी सांगणारी बाई होती ती. पण तेवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडलं आणि चिमी बाहेर आली.

"कडक म्हणजे अभ्यास नीट करून घेतात काकू," ती म्हणाली. "मला आवडते शाळा. आमच्या बाई खूप चांगल्या आहेत."

कित्येक महिन्यांत पोरगी एका दमात एवढं बोलली नव्हती. नर्सने तिला जवळ घेतलं आणि तिची हनुवटी वर केली. "डोळ्यांना काय झालं गं?"

"ॲलर्जी आहे. धुळीची. डॉक्टर म्हणाले जाईल."

आणि ती हसली. ताईंनी हे तिला शिकवलं नव्हतं. शिकवलं नव्हतं असं त्यांनी मनाशी म्हणून बघितलं आणि पुढचा विचार करायचं टाळलं. नर्सचा चेहरा सैल पडला. लहान मुलगी चिमीच्या वह्या बघायला आतल्या खोलीत गेली. दोघींची कुजबुज सुरू झाली आणि बाहेर मोठी माणसं दाराच्या बिजागऱ्यांबद्दल बोलत राहिली. निघताना नर्स म्हणाली की दुसरंही एक घर बघायचंय, दुपारपर्यंत कळवते. मुलगी जिना उतरताना दोनदा वळून चिमीकडे बघून हात हलवत गेली.

दार लावून ताई तशाच उभ्या राहिल्या. चिमी कपाटाला टेकून नखं कुरतडत होती.

"आई, मी तिला सगळं सांगून ठेवलं," ती हळूच म्हणाली. "सरावखोलीत भिंतीकडून तिसऱ्या जागेवर बसायचं, तिथून घड्याळ दिसत नाही. आणि रडू आलं तर पेन्सिल खाली पाडायची आणि वाकायचं."

"ती काय म्हणाली?"

"आईला सांगणार नाही म्हणाली."

ताईंनी लेकीला पोटाशी धरलं. तिची हाडं हाताला लागत होती. आपण हिला इथे आणलं, आता हिने आपल्याला इथून काढायचं मनावर घेतलंय, आणि त्यासाठी दुसऱ्या एका पोरीला समजावून-सांगून आपल्या जागी बसवलंय, हे त्यांना लख्ख दिसत होतं. ओरडावं तरी कुणावर?

जेवणं उरकायच्या आत मालकांचा फोन आला. आवाजातच आनंद होता. लोकांना घर पसंत होतं, आजच बयाणा द्यायला तयार होते. फक्त एक अट होती. नर्सबाई म्हणत होती की चिमीने सांगितलं ते ऐकलं, पण चावीताईंनी, आई म्हणून, एकदा स्वतः सांगावं की शाळेत पाठवायला हरकत नाही. तेवढं त्या म्हणाल्या की तिला पुरे होतं. ती तिथेच ऑफिसात बसली होती, फोन तिला देऊ का, असं मालकांनी विचारलं.

नवरा ताटावरून उठून दारापाशी उभा राहिला. त्याची नजर लेकीच्या विरळ भुवयांवर होती. ताईंनी त्याच्याकडे बघितलं, मग चिमीकडे.

"द्या," त्या म्हणाल्या.

पलीकडून नर्सने विचारलं. ताईंनी डोळे मिटले. "हो," त्या म्हणाल्या. "पाठवा. चांगली शाळा आहे." नर्सने त्यांचे आभार मानले, अगदी मनापासून मानले. म्हणाली, तुमच्यासारखं खरं सांगणारं माणूस आम्हाला कुठे भेटणार होतं. ताईंनी फोन खाली ठेवला.

"विकलं?" चिमीने विचारलं.

"विकलं."

चिमीने जवळ येऊन आईच्या पदराचं टोक धरलं.

"आई, मी तिला विचारलं होतं हं आधी. तू भरभर लिहितेस का, म्हणून. ती हो म्हणाली. मग तिला काही होणार नाही ना?" ती आईच्या तोंडाकडे बघत होती. "तू बघितलंस ना तिला लिहिताना? लिहिते ना ती भरभर?"

ताईंनी तिच्या केसांवरून हात फिरवला.

"हो गं," त्या म्हणाल्या. "खूप भरभर लिहिते."

चिमीने मान हलवली आणि अर्धं राहिलेलं जेवण संपवायला बसली.